हजेरी भत्त्याचा ताप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की आपल्या दैनिकात नालेसफाईच्या, डेंग्यूच्या, पडायला झालेल्या भिंतींच्या बातम्या सुरू होतात. त्या हव्यातच. पण झड लागली की बेळगावातल्या उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगरच्या कारखान्यांत ज्या दुखण्यानं मशीनवरची माणसं एकामागून एक गळतात, त्याची बातमी होत नाही. ते दुखणं म्हणजे फ्लू. त्याला आपण 'साधा ताप' म्हणतो आणि सोडून देतो.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये टाइम ऑफिसला आहे. 27 वर्षं झाली. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मी डॉक्टर नाही. पण कोण कधी खाडा करतं आणि कशासाठी, याची वही माझ्याकडे असते. ती वही नीट वाचायला मी गेल्या वर्षी शिकलो, तेही स्वतःच्या चुकीनं. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीची 28 जुलै. श्रावणातला पहिला सोमवार, बाहेर धो धो पाऊस. सकाळच्या पाळीला पश्चिम भागातल्या खेड्यातला एक पोरगा रेनकोट निथळत आला. आमच्या स्टँडर्ड रूममध्ये तयार जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेले भाग, तपासायचं काम करतो. डोळे लाल, ओठ सुकलेले, थंडीनं दातावर दात.

"काय रे, अंग मोडलंय की तुझं," मी म्हटलं.

"होय काका. रात्रीपासनं कणकण हाय. पण चारच दिवस राहिल्यात की महिना भरायला."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं, कारण ती नोटीस मीच टाइप करून फळ्यावर लावली होती. महिन्यात एकही खाडा नसेल तर 1,200 रुपये हजेरी भत्ता. एक खाडा पडला की सगळा भत्ता गेला. चौदा-पंधरा हजारांच्या पगारात 1,200 म्हणजे घरचं महिन्याचं दूध, किंवा मोटारसायकलच्या हप्त्याचा मोठा तुकडा. मग मी काय केलं? ड्रॉवरमधली पॅरासिटामॉल काढून दिली आणि म्हटलं, "घे, आणि आत जाऊन बस. चार दिवस काढ कसं तरी." उपास होता त्याचा. नुसत्या चहाबरोबर गोळी घेतली आणि गेला आत.

ज्यांनी मशीन शॉप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टँडर्ड रूम म्हणजे मोजमापाची खोली. लोखंड उष्णतेनं वाढतं, थंडीनं आकसतं, म्हणून मायक्रॉनमधली मापं 20 अंशांवर घ्यायची हा नियम. त्यासाठी एसी चोवीस तास चालू, दार घट्ट बंद, दाराला वरून स्प्रिंग. दहा बाय बारा फुटांच्या त्या खोलीत चार माणसं आठ तास बसतात. तीच हवा फिरून फिरून. फाउंड्रीतला माणूस भट्टीपुढं भाजून निघतो, पण त्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस फूट उंच पत्रा असतो आणि चारी बाजू मोकळ्या. आमच्या पोरांना वाटतं स्टँडर्ड रूमची नोकरी म्हणजे आरामाची. तापाच्या दिवसांत सगळ्या शॉपमध्ये वाईट जागा तीच.

बुधवारी रात्री त्याच खोलीतल्या दोघांना ताप भरला. गुरुवारी सीएनसीवरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा, एक ऑपरेटर तापानं घरी गेला. तो दिवसातून दहा वेळा जॉब घेऊन त्या दारातून आत-बाहेर करतो. पुढच्या सोमवारपर्यंत 43 जणांच्या हजेरीत 11 खाडे. पुण्याला जाणारा माल तीन दिवस उशिरा गेला. त्यावरून वरच्यांची जी बोलणी बसली ती इथं छापण्यासारखी नाहीत.

तेही चाललं असतं. पण आमचे झाडलोटीचे मामा आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे, साखरेचे पेशंट. त्यांचं त्या खोलीतलं काम एवढंच, की झाडायचं आणि पिंपातलं वापरलेलं बनियन वेस्ट उचलून बाहेर न्यायचं. बनियन वेस्ट म्हणजे हात पुसायच्या चिंध्या. तेल पुसायचं त्यानंच, घाम पुसायचा त्यानंच, आणि सर्दी असली की नाकही त्यानंच. मामांना ताप आला तेव्हा ते घरीच होते, दोन दिवस काढा घेतला, मग गल्लीतल्या डॉक्टरकडून सलाईन आणि 'पॉवरफुल' अँटिबायोटिक. पाचव्या दिवशी दम लागायला लागला. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस हॉस्पिटलात. परत आले तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये दुसरी मान मावली असती. मामा कंत्राटी आहेत. हजेरी भत्ता त्यांना लागूच नाही.

चिंध्यांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मामा त्या खोलीत रोज वाकून झाडत होते, तिथल्या खोकल्यात त्यांचा वाटा होताच. पण 1,200 रुपयांसाठी सुरू झालेलं दुखणं ज्याला एक रुपयाही मिळणार नव्हता त्याच्या छातीत जाऊन बसलं, हे मात्र वहीत तारीखवार दिसतं.

मामांना बघायला हॉस्पिटलात गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, "पहिला आजारी मुलगा घरी कधी बसला?" म्हटलं, "बसलाच नाही. महिना भरला." त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो.

फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यावर एक ते चार दिवसांत, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी ताप येतो. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ लागतो आणि पुढं पाच ते सात दिवस देत राहतो. त्यातले पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे मी त्या पोराला ज्या चार दिवसांसाठी आत बसवलं, नेमके तेच. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. आमच्या गेटवर कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक अजून आहे. सेल चालू असते तरी तिनं त्या दिवशी त्याला 'नॉर्मल'च दाखवलं असतं.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं वेगळं औषध आहे, पण ते डॉक्टरनं ठरवायचं आणि ताप आल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. साखर, दमा, हृदयाचं दुखणं असलेली माणसं, गरोदर बाया, 65 च्या पुढचे आणि लहान मुलं यांनी म्हणूनच वाट बघत बसायचं नसतं. मामांचे ते 48 तास काढ्यात गेले. काढ्याला मी नावं ठेवत नाही, घशाला बरं वाटतं. पण दम लागला, छातीत दुखू लागलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर सुंठ-मिरी बाजूला ठेवून रिक्षा बोलवायची.

आणि पावसात भिजून फ्लू होत नाही. हे मलाही पटायला वेळ लागला. पावसात आपण खिडक्या लावून घेतो. खानापूर रोडनं येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये बघा, काचांवर आतून वाफ धरलेली असते आणि साठ-सत्तर माणसं एकमेकांच्या खांद्यावर खोकत असतात. वडापच्या शेअर जीपमध्ये तर विचारू नका. भिजणारे मोटारसायकलवाले त्या मानानं सुखी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मास्क लावा, हात धुवा, हे सगळं कोरोनात सांगून झालंय. आमच्याकडं तीन भाषांतले बोर्ड लागले आणि धूळ खाऊन पडले. कामगाराला तापाचं कळत नाही अशातला भाग नाही. त्याला घरी बसणं परवडत नाही.

ईएसआयचंच घ्या. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराचे त्यात पाऊण टक्का कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारी पडल्यावर पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतात. चांगली सोय आहे, मी कित्येकांना मिळवून दिली आहे. पण त्यात एक अट आहे, जी बहुतेक कामगारांना पहिल्यांदा आजारी पडल्यावरच कळते. आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरडे. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस उलटले नसतील तरच ते दोन दिवस धरतात. शिवाय सर्टिफिकेट हवं. म्हणजे 102 ताप असलेल्या माणसानं सकाळी उठून रांगेत उभं राहायचं, आणखी वीस जणांना प्रसाद द्यायचा आणि ज्या दोन दिवसांत त्यानं घरी पडून राहायला हवं त्याचेच पैसे सोडायचे. कायदा करणाऱ्यांनी खोट्या आजाराला आळा म्हणून हे केलं असणार. मोठ्या दुखण्यात दोन दिवसांचं काही वाटत नाही. तीन दिवसांच्या तापात मात्र त्यातलेच दोन दिवस कोरडे जातात. वर आमच्यासारख्यांचा हजेरी भत्ता. दोन्ही मिळून कामगाराला सांगतात, ये बाबा, ताप असला तरी ये.

हा हिशेब मी ऑगस्टात मालकांपुढं ठेवला. एका बाजूला 1,200. दुसऱ्या बाजूला 11 जणांचे खाडे, उरलेल्यांचा दुप्पट दरानं ओव्हरटाइम, तीन दिवस उशिराचा माल. माणूस हिशेबाचा पक्का, कागदावर दोनदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "सगळं खरं. पण जुलैत तापाच्या नावाखाली रोप लावायला जातील त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. आमची निम्मी पोरं खानापूर आणि पश्चिम भागातली, घरची भातशेती. चिखलणी झाली आणि भावकीतली माणसं लावणीला आली की कुणाचा पाय कारखान्यात राहतो? वर्षानुवर्षं आमच्या वहीत जुलैमध्ये आज्या-आजोबा मरतात. काहींचे तर दोन-दोनदा मेलेत.

तरीही त्यांनी ऐकलं. ठरलं ते असं. ताप आला की पाळी सुरू व्हायच्या आधी मला फोन करायचा. दोन दिवस सर्टिफिकेट मागायचं नाही, पगार कापायचा नाही, हजेरी भत्ता मोडायचा नाही. वर्षातून तीन वेळा. तिसऱ्या दिवसापासून ईएसआयची वाट. पॅरासिटामॉल न घेता 24 तास ताप नसेल तेव्हाच परत यायचं. कंत्राटी माणसांनाही हेच, यासाठी मात्र मला दोन महिने भांडावं लागलं. लावणीचा मोसम संपून गेल्यावर नियम लागू झाला, त्यामुळं खरी परीक्षा अजून व्हायची आहे. आत्तापर्यंत एकानं फसवलं. दोन दिवस 'ताप' आणि तिसऱ्या दिवशी नखांत चिखल. मिरची लावून आला होता. मी विचारलं, "ताप रानातच उतरला वाटतं?" हसला. मालकांना मी सांगितलं नाही. आता छापून आलं तर कळेल.

बाकीच्या गोष्टी किरकोळ खर्चाच्या निघाल्या. स्टँडर्ड रूमला बाहेरची हवा आत घेणारा छोटा पंखा बसवला. तापमान थोडं हलतं म्हणून तपासनीस कुरकुरले, मग जॉब आणखी अर्धा तास आत ठेवून मोजायला लागले. पाण्याच्या जारवरचा साखळीला बांधलेला स्टीलचा पेला काढला. स्टील, प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो आणि तो पेला दिवसाला चाळीस तोंडांना लागत होता. पेला कुणी दान दिलेला होता, वर नाव कोरलेलं, म्हणून काढताना जरा वाईट वाटलं. वेस्टच्या पिंपाला पायानं उघडणारं झाकण आणि मामांना हातमोजे. थंबच्या मशीनशेजारी साबणाचं पाणी ठेवलं, कारण 43 जण एकाच काचेवर अंगठा दाबून मग त्याच हातानं तंबाखू मळतात.

राहता राहिली लस. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर रोज सकाळी किती तरी लोक फिरायला जातात, मीही जातो. एके काळी इथं देवीची लस तयार होत असे, म्हणून ते नाव. त्या झाडांखाली गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपमध्ये मी विचारलं, फ्लूची लस कुणी घेतलीय? सात जणांत एकानंही नाही. दोघांना अशी लस असते हेच माहीत नव्हतं. एक म्हणाले, "ती स्वाइन फ्लूची ना? तो तर गेला." तो गेला नाही. 2009 साली आलेला एच-1-एन-1 आता दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक होऊन बसलाय. 2023 च्या मार्चमध्ये एच-3-एन-2 या दुसऱ्या प्रकाराचे त्या साथीतले देशातले पहिले बळी जाहीर झाले त्यात आपल्याच राज्यातला हासनचा एक होता. दोन्ही प्रकार या लसीत धरलेले असतात. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लसही दरवर्षी ताजी घ्यावी लागते, मागच्या वर्षीची या वर्षी पुरत नाही. घेतल्यावर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान जोर करतो. तेव्हा पावसाळ्यासाठी घ्यायची तर आत्ताच.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही. झाला तरी न्यूमोनियापर्यंत, हॉस्पिटलपर्यंत जायची शक्यता कमी होते. अडचण पैशाची. खासगीत दीड हजाराच्या पुढं जाते, म्हणजे पुन्हा आमच्या हजेरी भत्त्याहून जास्त. 43 जणांची लस मालकांना झेपणार नाही असं ते म्हणाले. खरं-खोटं त्यांना माहीत. साखर, दमा असलेल्या सहा जणांची मात्र गेल्या आठवड्यात कारखान्याच्या खर्चानं झाली. पहिला नंबर मामांचा. सुई बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "मागल्या साली एवढ्या टोचल्या, अजून एक."

माझी आजी मानमोडीच्या साथीच्या गोष्टी सांगायची. 1918 चा फ्लू तो. तेव्हा ती लहान होती. तिच्या माहेरच्या गल्लीत दिवसाला तिरड्या किती उठल्या ते ती बोटांवर मोजून दाखवी. 'फ्लू' शब्द तिला ठाऊक नव्हता. आम्हाला ठाऊक आहे, लस आहे, औषध आहे, आणि टाइम ऑफिसातला माणूस तापलेल्या पोराला म्हणतो, चार दिवस काढ.

वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे याची मला जाणीव आहे. तिथं माग घरातच, माणसं दहाच्या आत म्हणून ईएसआय नाही, मजुरी नगावर. माग थांबला की चूल थांबते. गणपत गल्ली, खडेबाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या पोरींचंही तसंच. त्यांच्यासाठी काय करता येईल ते त्या धंद्यातल्या कुणीतरी लिहावं. मला माझ्या वहीपुरतं कळतं.

कारखानदारांच्या संघटनांना मात्र एक विनंती. या महिन्यात आपापल्या फळ्यावरची हजेरी भत्त्याची नोटीस एकदा वाचून बघा. 'एकही खाडा नसावा' या ओळीखाली 'तापाचे दोन दिवस खाडा धरला जाणार नाही' एवढी एक ओळ जोडायला शाईशिवाय काही लागत नाही. आमची नोटीस मराठी, कन्नड आणि हिंदीत आहे, कारण आमच्याकडं आता ओडिशा-बिहारची पोरंही आहेत आणि ताप त्यांनाही येतो. कुणाला हवी असेल तर प्रत आपल्या कार्यालयात ठेवतो. कन्नड मजकूर आमच्या गोकाककडच्या सेटरनं तपासून दिलाय. माझ्या मूळ मजकुरात चार चुका निघाल्या, त्यावरून तो अजून मला चिडवतो.

तो स्टँडर्ड रूममधला पोरगा बरा आहे. जुलैचे 1,200 त्याला मिळाले. ऑगस्टच्या पगाराला त्यानं त्यातले पाचशे मामांच्या घरी नेऊन दिले, हे मला मामांच्या बायकोकडून कळलं.

आपला,
टाइम ऑफिसमधला एक वाचक
अनगोळ, बेळगाव